पोटशुळाच्या ऑपरेशननंतर घोडी घरी आणताना

माझी मारवाडी घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतली. आतड्याला पीळ पडला, रातोरात पोट उघडावं लागलं, तरी ती वाचली. सातव्या दिवशी तबेल्यात परत आली, आणि पुढच्या पाच दिवसांत माझ्या हलगर्जीपणाने जवळजवळ गेलीच होती.

मोतद्दार, म्हणजे घोडीची देखभाल करणारी माणसं, आधी ठरवा, मग गाडी बोलवा. दिवसाला एक, रात्रीला एक. एकाच माणसावर दोन्ही पाळ्या टाकल्या की पहाटे दोनची नोंद सकाळी सहाला अंदाजाने भरली जाते. मी पैसे वाचवायला तेच केलं होतं.

वहीत नाडी, ताप, पाणी आणि लीद किती वेळा, एवढं पुरतं. उभ्या, शांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. पन्नाशीच्या पुढे टिकून राहिली तर फोन करा, ‘बघू सकाळी’ नको.

आता माझी चूक. वेदनेसाठी फ्लुनिक्सिन चालू होतं. इंजेक्शन सातला, थर्मामीटर आठला. रोज १०० फॅरनहाइटच्या आसपास, घोड्याला एवढं असतंच, मी खूश. पण हे औषध दुखणं दाबतं तसा तापही उतरवतं! म्हणजे पाच दिवस मी घोडीचा ताप मोजतच नव्हते, औषधाचा परिणाम मोजत होते. डोस बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी १०३.४. टाक्यांच्या मागच्या टोकाला दाबून पाहिलं, पू आला. दवाखान्याच्या कागदावर ‘दिवसातून दोनदा ताप’ एवढंच लिहिलेलं. कधी, ते कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हा आधी थर्मामीटर, मग सुई. पुढच्या डोसच्या अगदी तोंडावर ताप घ्या आणि त्यासमोर मागचा डोस किती वाजता दिला तेही लिहा. माणूस बदलला तरी क्रम चुकू नये म्हणून मी थर्मामीटर सिरिंजच्या डब्यालाच रबराने बांधून टाकला. आणि आकडा चांगला आला तरी जखम रोज हाताने चाचपा.

प्रत्येक सुजेला मात्र घाबरू नका. जखमेच्या पुढे पोटाखाली मऊ सूज येते, बोट रुतवलं की खळगा पडतो. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा रडायच्या बेतात होते. ती बहुतेकदा हळूहळू ओसरते. गरम, दुखरी, ओली असेल तर ती वेगळी.

शेजारच्या पागेतले काका रोज येऊन सांगायचे, “ताई, नाळीने थोडं एरंडेल पाजा.” नाळ म्हणजे जनावराच्या तोंडात औषध ओतायची नळी. जबरदस्तीने पाजलेलं तेल फुप्फुसात गेलं तर घोडा हातचा जातो. अशा जाणकारांकडून खरारा शिकावा, खूर बघायला शिकावं. पोट उघडलेल्या जनावराबद्दल नुसतं “हो काका” म्हणावं. चंदीही, म्हणजे दाण्याचा खुराक, डॉक्टर म्हणतील तेव्हाच, तोवर दर दोन-तीन तासांनी मूठ-दोन मुठी हिरवं गवत. पण हेही खरं, की ताप चढला त्या दिवशी थर्मामीटरच्या आधी म्हातारा मोतद्दारच म्हणाला होता, “आज ती माशा हाकलत नाहीये.”

वरची कातडी दोनेक आठवड्यांत जुळते, आतली पोटाची भिंत महिने घेते. पू झाल्यामुळे आमचा पोटपट्टा लांबला, हातात दोर धरून चालवणंही. खोगीर चढलं साडेपाच महिन्यांनी. मागच्या टोकाला सुपारीएवढा उंचवटा राहिलाय. वाढला नाही तर चालेल, असं डॉक्टर म्हणतात. दर रविवारी मोजते.