चिमणीच्या पाइपातला कुबट वास कसा घालवला

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-जांबोटीचा पाऊस आमच्या खानापूरलाही झोडपतो. मृग लागला की आमच्या स्वयंपाकघरातल्या चिमणीतून कुबट वास सुटायचा. जाळ्या धुऊनही जाईना, म्हणून पाइपच सोडवला. घडीदार अ‍ॅल्युमिनियमच्या वळ्यावळ्यांत तेलाचा चिकटा आणि त्यावर काळी बुरशी! भात-आमटीची गरम वाफ गार पाइपाला लागली की तिचं पाणी होतं. पाइप मध्येच लोंबत असेल तर ते तिथेच साचतं.

असला पाइप घासत बसू नका, फाटतो. मी ६ इंची गुळगुळीत पीव्हीसी पाइप घेतला, वळण एकच ठेवलं आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला. खरं काम या उताराचंच आहे. गवंडी भोक सरळ पाडून मोकळा होतो, त्यामुळे शेजारी उभं राहून सांगा. बाहेरच्या तोंडाला झडप लावल्यावर झड आणि पाली दोन्ही थांबल्या.

आता गॅस बंद केल्यावरही चिमणी दहा मिनिटं चालू ठेवतो. बुरशी काढताना रुमालावर भागवू नका, चांगला मास्क लावा. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना तेवढा वेळ शेजारी पाठवा.