नाशिकला परत येताय? ४०१के घाईघाईत मोडू नका

गंगापूर रोडला फ्लॅट पसंत पडला की लगेच वाटतं ४०१के (अमेरिकेतल्या नोकरीत साठवलेली निवृत्तीची बचत) काढून टाकू, पण जरा थांबा, वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढलं तर अमेरिकेत टॅक्स आणि वर बहुतेकदा १० टक्के पेनल्टी. आधी आरएनओआर (परतल्यावर काही काळ मिळणारा टॅक्सचा दर्जा, निवासी पण 'साधारण निवासी' नाही) बघा, मागच्या १० पैकी ९ आर्थिक वर्षं एनआरआय असाल तर मिळतं, तोवर तिकडच्या या पैशावर इथे टॅक्स नाही, फक्त पैसे आधी तिकडच्याच बँकेत घ्या, थेट इथल्या खात्यात नको हं! आरएनओआर संपल्यावर १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८९ए होतं, फॉर्म १०-ईई मुदतीत भरला की टॅक्स पैसे काढाल तेव्हाच, दरवर्षीच्या वाढीवर नाही (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आहे, तिथला कलम आणि फॉर्मचा नंबर सीएला विचारा). रिटर्नमधलं शेड्यूल एफए (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) पण भरा, नाहीतर १० लाखांचा दंड होऊ शकतो. कॉलेज रोडला सीए ढीगभर आहेत, पण फी ठरवायच्या आधी सरळ विचारा, "१०-ईई आधी कुणाचा भरलाय का?"