रिंग बदलली, आता गाडीचे फार लाड नकोत

टू-स्ट्रोक गाडीच्या पिस्टनवरच्या रिंगा बदलल्या की आमच्या इंदूरला सल्ला ठरलेला: "पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका, भिया." मला तो पटत नाही. रिंगेचा स्वतःचा ताण अगदी थोडा. तिला ब्लॉकच्या (ज्यात पिस्टन खालीवर होतो त्या सिलिंडरच्या) भिंतीवर दाबून धरतो तो जळणाऱ्या गॅसचा दाब. तो रिंगेच्या मागे खाचेत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. इंजिनवर भारच नाही तर दाब येणार कुठून? मग भिंतीला काचेसारखी झिलई चढते आणि कॉम्प्रेशन कायमचं कच्चं राहतं. उलट, पहिल्याच दिवशी रेसचा कान पिळला तर पिस्टन फुगून जाम. म्हणजे भार द्यायचा, पण उष्णता साचू द्यायची नाही.

खरं काम मात्र गाडी चालू करण्याआधीच असतं. ब्लॉकच्या आत लोखंडी लायनर (नळी) असेल तर होनिंग हवंच: दगडाने घासून काढलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा, त्यात तेल टिकतं. कावासाकी केएक्स, यामाहा वायझेडसारख्या डर्ट बाइकच्या ब्लॉकला आतून निकासिलसारखा कठीण लेप असतो, त्याला होनिंगचा दगड लावू नका. होनिंगनंतर ब्लॉक नुसता पेट्रोलने धुऊन भागत नाही. तेल जातं, दगडाची पूड रेघांत तशीच राहते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश. मग पांढऱ्या कापडाला तेल लावून आतून फिरवा. करडा डाग आला तर पुन्हा धुवा. (आमच्याकडे आजोबांच्या धोतराचे तुकडे याच कामी आले.) कापड पांढरं निघालं की लगेच टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल) चोपडा, नाहीतर बघता बघता गंज धरतो.

रिंग आधी एकटी ब्लॉकमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. आकडा मॅन्युअलमधला घ्या, मेकॅनिकच्या अंदाजाचा नको. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. खाचेतल्या बारीक पिनेवर रिंगेची दोन्ही टोकं नीट बसली पाहिजेत. ती पिनेवर चढलेली असताना ब्लॉक जबरदस्तीने खाली दाबला, तर रिंग गेलीच म्हणून समजा.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण कंपनीने दिलेलं तेच. रिंग नवी म्हणून तेल दुप्पट घालण्यात शहाणपण नाही: कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) पेट्रोल कमी जातं, हवेच्या मानाने मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. ३२:१ असेल तर लिटरमागे साधारण ३१ मिली, बस्स. यामाहा आरएक्सला तेल वेगळं देणारा ऑइल पंप आहे, तिथे नळीत हवा अडकलेली नाही ना ते बघा.

आता किक. इंजिन धरलं की चोक बंद करा, अधूनमधून हलकी रेस द्या, स्लोवर सोडून चहाला जाऊ नका. ब्लॉकच्या फिन्सना (बाहेरच्या पात्यांना) हात लावणं नकोसं झालं की बंद. पूर्ण गार होऊ द्या, अगदी गार. असं दोन-तीनदा. पहिल्यांदा गार झाल्यावर हेडचे नट आमनेसामने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला पुन्हा कसा. मे महिन्यात हे सगळं सकाळी, पोह्यांच्या आधी उरका.

फिरवायला सुपर कॉरिडॉर नको. सरळसोट रस्ता, हात एकाच जागी थिजतो, आणि रिंगेला तेच नको असतं. त्यापेक्षा तेजाजीनगरहून सिमरोलकडे निघा. अर्ध्या रेसपर्यंत जोर द्या, सोडा, गिअर बदला, पुन्हा जोर. हळूहळू पाऊणपर्यंत जा, पण क्षणभरच. वरच्या गिअरमध्ये रखडवू नका. बिनपासिंगची डर्ट बाइक असेल तर पिकअपमध्ये घाला आणि परवानगीच्या शेतात हेच करा. खोल भुसभुशीत माती तेवढी टाळा, तिथे वेग नसतो आणि इंजिन उकळतं.

भेरूघाट उतरताना रेस पूर्ण बंद करून इंजिनवर गाडी रोखू नका. फोर-स्ट्रोकवाल्यांना ही सवय असते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल थांबलं की त्यातलं तेलही थांबतं. पंपवाल्या गाडीतही ते घटतं. ब्रेक वापरा आणि मधूनमधून रेस द्या.

पहिली टाकी संपली की प्लग काढा. चॉकलेटी रंग ठीक. पांढराफटक दिसला तर जेट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग सायलेन्सर उतरवून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारा आणि किक हाताने हळूहळू फिरवा. रिंगेला सारखी चमक आणि पिस्टनवर उभे ओरखडे नाहीत, तर पुढच्या टाकीला पूर्ण रेस द्यायला हरकत नाही. ओरखडे दिसले तर ब्लॉक पुन्हा उतरवा, त्याच दिवशी.