कस्टमर केअरला फोन लावण्याआधी पहिले चार आकडे पाहा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं रिचार्जचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. फवारणीचा बॅटरी पंप चार्ज होत नाही, ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता दोनदा कटला, एटीएम कार्ड मशीनमध्ये अडकलं, असं काहीही झालं की लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "ताई, कंपनीले फोन लावून दे ना." मी आधी नंबर वाचते. १८०० ने सुरू होत असेल तर लगेच लावा. १८६० ने सुरू होत असेल तर थांबा.

१८०० चा सगळा खर्च कंपनी भरते. १८६० वर लोकल कॉलचे पैसे आपल्याला पडतात आणि लांबच्या कॉलचा उरलेला खर्च कंपनी उचलते. लँडलाइनच्या काळात हे परवडायचं, कारण यवतमाळहून मुंबईला एसटीडी लावण्यापेक्षा ते स्वस्त पडायचं. आता काश्मिरात फौजेत असलेल्या पोराशी तासभर बोललं तरी पॅकमध्ये चालतं, पण बहुतेक अनलिमिटेड पॅकमध्ये १८६० धरलेला नसतो. ते पैसे मेन बॅलन्समधून कटतात.

आणि गावात मेन बॅलन्स ठेवतो कोण? महिन्याचा पॅक मारला की झालं. त्यामुळे १८६० लावला की एक तर फोन लागतच नाही, आणि माणूस समजतो कंपनीचा नंबर बंद आहे. नाही तर तो दहाचा टॉपअप मारायला येतो. दहाच्या टॉपअपवर ७ रुपये ४७ पैसे मिळतात. मग भाषा निवडा, ग्राहक क्रमांक टाका, चुकला, पुन्हा टाका, आमचे प्रतिनिधी व्यस्त आहेत, आणि गाणं सुरू. पलीकडे मशीनने फोन उचलला तिथूनच मीटर पडतं, माणूस बोलायला येईपर्यंत थांबत नाही. फवारणीचा पंप बिघडलेल्या एका मावशीने माझ्या काउंटरपाशी फोन कानाला धरून अख्खा टॉपअप संपवला आणि मला विचारलं, "पैसे कायचे कटले वं माय? मी त कोणाशी बोललीच नाई." त्या पंपाच्या खोक्यावर 'ग्राहक सेवेसाठी संपर्क' एवढंच छापलं होतं. कॉलला पैसे पडतात हे बारीक अक्षरातही नव्हतं. माल बिघडला त्यांचा, तो सांगायचे पैसे आपण द्यायचे, आणि पैसे पडतात हेही आधी सांगायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून पहिलं काम दुसरा रस्ता शोधायचं. खोकं फेकू नका. पॅक केलेल्या मालावर तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल छापणं २०११ च्या वजन-मापाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्या पत्त्याजवळ ०२२, ०२०, ०७१२ असा एसटीडी कोडचा नंबर असेल तर तोच लावा, तो साध्या पॅकमध्ये बसतो. तोही नसेल तर ईमेल करा. बिलाचा फोटो, मालावरचा सीरियल नंबर, काय बिघडलं ते दोन ओळींत, आणि शेवटी "मला या नंबरवर परत फोन करा" असं लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं. माझा अनुभव असा की लेखी तक्रारीला उत्तर उशिरा येतं, पण हातात कागद राहतो. माल ऑनलाइन घेतला असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो.

टोल-फ्री नंबर गूगलवर मात्र शोधू नका. भामटे बँकांच्या आणि गॅस कंपन्यांच्या नावाने आपलेच नंबर टाकून ठेवतात. फोन लावला की ते गोड बोलून मोबाइलची स्क्रीन दिसणारं अ‍ॅप टाकायला लावतात आणि खातं साफ करतात. नंबर घ्यायचा तो एटीएम कार्डाच्या पाठीवरून, पासबुकावरून, बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून.

बँकेच्या बाबतीत हे जास्तच जपायला लागतं. खात्यातून पैसे उडाले आणि हातात फक्त १८६० चा नंबर असेल, तर टॉपअप मारण्यातच वेळ जातो. अशा वेळी थेट १९३० लावा, तो सरकारचा सायबर फसवणुकीचा फुकट नंबर आहे. सोबत बँकेलाही कळवा. अशी तक्रार घ्यायला टोल-फ्री नंबर ठेवावा हे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्यानेच डाव साधला, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या ३ दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. रात्र असो की रविवार, आधी फोन. शाखेत सकाळी जा, अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागून घ्या.

घरात कॅलेंडरवर लिहून ठेवावेत असे फुकट नंबर सांगते. लाइट गेली तर महावितरणचा १९१२. गॅस गळत असेल तर १९०६. पऱ्हाटीवर, तुरीवर रोग आला तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात. सिमच्या कंपनीची तक्रार १९८ वर. बँकेने ३० दिवसांत ऐकलं नाही तर बँकांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे कसं जायचं हे रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ वर विचारता येतं.

पैसे कटलेच असतील तर पुरावा तिथल्या तिथे धरा. प्रीपेडवर कॉल संपला की किती मिनिटं झाली, किती कटले, किती उरले ते स्क्रीनवर येतं. लोक ते न वाचताच पुसतात. पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या. गेलं असेल तर सिमच्या कंपनीकडून प्रत्येक कॉलचा हिशेब मागता येतो. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे प्रीपेडवाल्याकडून त्याचे ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. सोबत खोक्यावरच्या किंवा बिलावरच्या त्या नंबराचा फोटो काढा, त्यात आजूबाजूची रिकामी जागाही दिसू द्या, म्हणजे दर छापलेला नाही हे कोणालाही दिसेल.

मग १९१५ लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन फुकट, मराठीतही बोलता येतं. तक्रार अशी सांगा: "मी अमुक तारखेला अमुक वस्तू घेतली. ती बिघडली म्हणून कंपनीने छापलेल्या १८६० नंबरवर फोन केला. या कॉलला पैसे पडतात हे बिलावर, खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. माझे इतके रुपये कटले. ते परत द्यावेत, नंबरापुढे दर छापावा आणि तक्रारीसाठी फुकट नंबर द्यावा." तिन्ही मागण्या करा. पाच-सात रुपयांसाठी कशाला भांडता असं लोक म्हणतात, पण दर छापला गेला तर पुढच्या हजारांचे वाचतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात किंमत कळण्याचा हक्क स्पष्ट दिला आहे, त्यावर बोट ठेवा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. मोठं नुकसान असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूसाठी ५ लाखांपर्यंत मोजले असतील तर तिथे फी लागत नाही.

ब्रिटनमध्ये ०८४, ०८७ सारख्या नंबरापुढे कंपनीला आपला दर लिहावाच लागतो, १ जुलै २०१५ पासून. विकलेल्या मालाच्या चौकशीसाठी साध्या कॉलपेक्षा महाग नंबर ठेवायला तर जून २०१४ पासूनच बंदी आहे. हे आपल्याकडेही व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर आपल्या तालुक्यातले कृषी केंद्रवाले, पंपवाले, मोबाइलवाले एवढं करू शकतात. गिऱ्हाइकाला बिल देताना कंपनीचा नंबर १८६० चा असला तर पेनाने बाजूला "पैसे पडतात" लिहा, आणि त्याखाली कंपनीच्या डीलर-प्रतिनिधीचा साधा नंबर द्या. तो तुमच्याकडे असतोच.