वैशाखातली गच्ची आणि मृगाची तयारी

दुपारी दोनला गच्चीवर गेलात तर वांग्यानं, दुधीनं माना टाकलेल्या दिसणारच. लगेच पाइप उचलू नका. ऊन कलल्यावर पानं ताठ झाली, तर तो नुसता उन्हाचा ताप. सकाळीही मलूल असतील तर कुंडीत बोट दोन पेरं खोल घाला. माती कोरडी लागली तर पाणी द्या. ओली असूनही झाड सुकत असेल, तर मुळं कुजलीत, आणि बहुतेक वेळा ती आपल्याच मायेनं. पाणी सकाळी आठच्या आत घालावं. पाइपमधलं पहिलं पाणी कढत असतं, ते आधी बादलीत सोडा.

पश्चिमेला 50 टक्क्यांची शेडनेट बांधा, कुंडीत दोन-तीन इंच पालापाचोळा पसरा. खतं सध्या नकोत.

टोमॅटोची फुलं गळतात ही मे महिन्यातली ठरलेली तक्रार. पारा 35 अंशांच्या वर राहिला की परागकण नीट काम करत नाहीत, फळ धरत नाही. यावर टॉनिक विकणारे भेटतील, पैसे वाचवा.

मिरचीचा चुरडा-मुरडा मात्र अंगावर काढू नका. पान वरच्या बाजूला वाटीसारखं वळलं असेल तर फुलकिडे, खाली उपड्या होडीसारखं वळलं तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड, माइट). फुलकिड्यांसाठी पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. बारीक पिवळसर रेघा चालायला लागल्या की समजा. 50 ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. कोळ्यांना पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम. पण या उन्हात गंधकानं पानं करपतात, म्हणून हवा निवळेपर्यंत थांबा, तोवर पानं खालून पाण्यानं धुवा. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा. मुंग्यांची रांगही मोडा, त्याच त्याला फांदी-फांदीवर पोचवतात. ढालकिडा (लेडीबर्ड) दिसला तर त्या फांदीला हात लावू नका, तो आपल्याच बाजूचा.

आता लागवड. फ्रिजशेजारी पडून कोंब फुटलेलं आलं आणि बाजारातली ओली हळद याच महिन्यात लावायची. दोन-तीन डोळ्यांचा तुकडा, दोन इंच खोल, पसरट कुंडीत. मिरची-वांग्याची रोपं मेअखेर सावलीत टाकली की पाच-सहा आठवड्यांत लावणीजोगी होतात. दोडका, कारलं, काकडी यांची घाई नको. मृग 7-8 जूनच्या सुमारास लागतो, पहिले दोन चांगले पाऊस झाले की बी टोका. कारल्याचं बी रात्रभर भिजवा. मांडव मात्र आत्ताच बांधा, पावसात शिडीवर चढणं नको.

रिकाम्या कुंड्यांमधली माती ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार आठवडे उन्हात ठेवा. सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) आणि बुरशी बऱ्याच कमी होतात. कडुनिंबाखाली निंबोळ्या पडू लागल्या की पिशवी घेऊन जा, गर धुऊन सावलीत वाळवा. वर्षभराचं औषध फुकटात.