नोकरी आणि शहर बदलताना वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख कशी ठरवावी

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करायचे पक्के झाले आहे आणि त्याच सुमारास दुसऱ्या शहरातल्या नोकरीचे ऑफर लेटरही हाती आले आहे, अशा वेळी बहुतेकांच्या मनात एकच हिशोब येतो: दोन नोकऱ्यांच्या मध्ये पंधरा दिवस मोकळे मिळतील, तेवढ्यात शस्त्रक्रिया उरकून घ्यावी. हा हिशोब सोयीचा वाटतो, पण तो धोक्याचा आहे. त्या पंधरा दिवसांत जुन्या कंपनीचे विमा संरक्षण संपलेले असते आणि नव्या कंपनीचे सुरू झालेले नसते. शल्यचिकित्सक एका शहरात असतात आणि राहायची जागा दुसऱ्या शहरात. आणि शरीराला ज्या आठवड्यांत सर्वांत जास्त देखरेख लागते, नेमके तेच आठवडे सामान बांधण्यात आणि घर शोधण्यात जातात. म्हणून तारीख रजेच्या सोयीने नव्हे, तर विमा आणि शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा या दोन गोष्टी पाहून ठरवावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

प्रथम एकूण काळाचा अंदाज नीट घ्यावा. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून टाकणे) असो किंवा गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे), दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात साधारणपणे दोन ते तीन दिवसच राहावे लागते, आणि हा आकडा ऐकूनच लोकांची गफलत होते. त्याआधी रक्ततपासण्या, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, हृदय व फुप्फुसांची तपासणी, घोरण्याचा त्रास असल्यास झोपेची चाचणी, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्या भेटी, हे सर्व व्हावे लागते. नोकरी सांभाळून हे करताना महिना सहज जातो. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा थायरॉइडचा आकडा बिघडलेला असेल, तर आणखी काही आठवडे थांबावे लागते. धूम्रपान करणाऱ्यांना ते किमान सहा आठवडे आधी पूर्णपणे बंद करायला सांगितले जाते. शस्त्रक्रियेपूर्वीचे सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकाचा, बहुतांशी द्रव आहार असतो. त्यामुळे यकृताचा आकार कमी होतो आणि शल्यचिकित्सकांना जठरापर्यंत पोहोचणे सोपे जाते. शस्त्रक्रियेनंतर बैठ्या कामावर परतायला दोन ते तीन आठवडे, वजन उचलायला साधारण सहा आठवडे, आणि साधे घन अन्न खायलाही जवळपास तेवढाच काळ लागतो. थोडक्यात, पहिल्या तपासणीपासून शरीर स्थिरस्थावर होईपर्यंत तीन ते चार महिने धरून चालावे.

आता पुण्यात नोकरी करणारी आणि बंगळूरुला जाऊ घातलेली एखादी व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. तिचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. राजीनामा दिल्यावर तपासण्या सुरू केल्या, तर शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचेतो ४० ते ४५ दिवस संपतील. पुढच्या दोन आठवड्यांत ती घरी विश्रांती घेत असतानाच तिचा कंपनीतला शेवटचा दिवस उजाडेल, आणि बहुतेक समूह आरोग्य विम्यांत, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या विम्यांत, संरक्षण त्याच दिवशी संपते. स्लीव्हनंतर टाक्यांच्या रेषेतून गळती होण्याचा धोका कमी असला, तरी ती झाली तर काही वेळा दोन-तीन आठवड्यांनीही लक्षात येते. त्या वेळी पुन्हा भरती व्हावे लागले, तर तो खर्च स्वतःच्या खिशातून जाईल. शिवाय अनेक कंपन्या नोटीस काळात सलग रजा देत नाहीत, किंवा दिली तर तेवढे दिवस शेवटची तारीख पुढे ढकलतात, आणि मग नव्या कंपनीत रुजू होण्याची तारीखही हलते. नोटीस काळात शस्त्रक्रिया करायचीच असेल, तर सर्व तपासण्या राजीनाम्यापूर्वी झालेल्या असाव्यात आणि शस्त्रक्रिया नोटिशीच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी. एरवी तो विचार सोडून द्यावा.

विम्याची कागदपत्रे स्वतः वाचा

या बाबतीत मित्रांच्या अनुभवावर विसंबू नये, कारण एकाच विमा कंपनीच्या दोन समूह पॉलिसींच्या अटी वेगवेगळ्या असू शकतात. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या प्रमाणित कलमानुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च एरवी वगळता येतो. मात्र वय १८ वर्षांपेक्षा कमी नसेल, डॉक्टरांचा सल्ला असेल, आणि बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) ४० किंवा त्याहून अधिक असेल, तर तो वगळता येत नाही. बीएमआय ३५ किंवा अधिक असेल, तर त्याच्या जोडीला हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी काही असावे लागते आणि वजन कमी करण्याचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असावे लागतात. इथे एक महत्त्वाची तफावत आहे. आशियाई लोकांमध्ये कमी वजनावरही मधुमेह आणि हृदयविकार होत असल्यामुळे डॉक्टर बीएमआयची याहून खालची मर्यादा धरतात, ३७.५, आणि सहव्याधी असल्यास ३२.५, हे आकडे भारतात बरीच वर्षे वापरात आहेत. त्यामुळे डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली म्हणजे विमाही मिळेल, असे गृहीत धरू नये. सौम्य उपाय निष्फळ ठरल्याचा पुरावा मागितला जातो, म्हणून आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या, वजनाच्या नोंदी आणि औषधांची बिले आजपासूनच एका फाइलमध्ये लावा. शहर बदलताना सर्वांत आधी हरवतात ते हेच कागद.

नव्या कंपनीच्या एचआरकडून लाभांचे चकचकीत पत्रक न घेता पॉलिसीचा मूळ मसुदा मागावा. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया समाविष्ट आहे का, तिच्यासाठी वेगळी कमाल रक्कम आहे का, आधीपासून असलेल्या आजारांना प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) लागू आहे का, आणि खोलीभाड्याची मर्यादा किती आहे, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली, तर अनेक पॉलिसींत शल्यचिकित्सकांच्या शुल्कासह इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो, हे लक्षात ठेवा. रुजू झाल्याच्या दिवसापासून संरक्षण आहे असे सांगितले गेले, तरी तुमचे नाव विमा कंपनीच्या यादीत चढून टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे, कार्ड हाती येईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख नक्की करू नये.

जुनी समूह पॉलिसी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्यासाठी अर्ज करता येतो, आणि पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ तिथे मोजला जातो. मात्र कंपनी तुमची प्रकृती तपासून मगच निर्णय घेते, म्हणून हा अर्ज शेवटच्या दिवसाआधी पुरेसा वेळ ठेवून करावा. अगदी नवी वैयक्तिक पॉलिसी घेतल्यास आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो. म्हणजे या वर्षीच्या शस्त्रक्रियेला तिचा उपयोग नाही. पुढे कधीही वैयक्तिक विमा घेताना झालेली शस्त्रक्रिया लपवू नये. ती लपवल्याचे उघड झाले, तर तिच्याशी संबंध नसलेला दावाही अडकू शकतो.

आधी की नंतर?

माझ्या मते योग्य पर्याय दोनच आहेत. शहर बदलायला अजून चार महिने किंवा अधिक अवकाश असेल, तर जुन्या शहरात, जुन्या विम्यावर आणि साठलेल्या रजेवर शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि राजीनामा त्यानंतर द्यावा. साठलेल्या रजेचा मुद्दा लहान नाही. जुन्या कंपनीतली रजा नव्या कंपनीत येत नाही, फार तर तिचे पैसे मिळतात. आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यासारख्या नियमांत अर्जित रजेचा हक्क २४० दिवस काम केल्यावर मिळतो. तेवढा अवकाश नसेल, तर नव्या शहरात जाऊन घर लागावे, विम्याचे कार्ड यावे, परिवीक्षा काळ (प्रोबेशन) संपावा आणि मग तिथल्याच शल्यचिकित्सकांकडे शस्त्रक्रिया करावी. यात सहा ते आठ महिने पुढे जातात, परंतु पहिल्या वर्षाचा सगळा पाठपुरावा एकाच ठिकाणी होतो. या दोहोंत मन द्विधा झाले, तर थांबण्याकडे कल ठेवावा.

याला अपवाद आहे. मधुमेह झपाट्याने बिघडत असेल, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास तीव्र असेल किंवा हृदयावर ताण येत असेल, तर थांबायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे आणि गरज पडल्यास नव्या कंपनीकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागावी. अशी विनंती करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेचे नाव सांगण्याची सहसा गरजही नसते. ‘नियोजित शस्त्रक्रिया’ एवढे लिहिलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी चालते. विमा कंपनीला मात्र सर्व काही सांगावेच लागते.

थांबायचे ठरले, तर तो काळ वाया जाऊ देऊ नये. नव्या शहरातली पहिली भेट रुजू होण्यापूर्वीच ठरवून ठेवावी, अन्यथा नव्या कामाच्या रेट्यात शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे मागे पडते. मधल्या काळात सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडसारखे भूक आणि वजन कमी करणारे इंजेक्शन योग्य ठरेल का, हे डॉक्टरांना विचारता येईल. ते सुरू असल्यास भूलतज्ज्ञांना अवश्य सांगावे, कारण या औषधांमुळे जठर सावकाश रिकामे होते.

पहिले सहा आठवडे आणि नवे घर

सुरुवातीच्या दिवसांत पाणी पिणे हेच काम होऊन बसते. छोट्या मापाच्या पेल्यातून ३० मिलिलिटर पाणी घोट-घोट घ्यायचे, काही मिनिटे थांबायचे आणि पुन्हा तेच, असा दिवसभराचा क्रम असतो. त्यात पातळ ताक, वरणाचे गाळलेले पाणी, नारळपाणी आणि प्रथिनांची पावडर बसवावी लागते, कारण दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हळूहळू गाठायची असतात. दोन आठवड्यांनंतर घोटलेली मुगाची खिचडी, मऊ पनीर, अंडे असे वाढत जाते. हे पेइंग गेस्टच्या डब्यावर किंवा गॅसची शेगडी अजून न जोडलेल्या घरात जमत नाही. पाणी कमी पडल्यामुळे पुन्हा रुग्णालयात जावे लागणे ही या शस्त्रक्रियेनंतरची नेहमीची तक्रार आहे, आणि घर बदलण्याच्या धावपळीत पाण्याचेच भान सुटते.

वजन उचलण्याबाबत घरच्यांनाही आधी सांगून ठेवावे. स्वयंपाकाचा भरलेला गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोंचा असतो आणि पुस्तकांचे खोकेही त्याच्या जवळपास जाते. सहा आठवडे होईपर्यंत यांपैकी कशालाही हात लावू नये. पहिल्या महिन्यात लांबचा प्रवास टाळावा. लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि तासनतास बसून राहणे या तिन्हींमुळे पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. प्रवास टळतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून, दर तासाला उठून चालत आणि पाणी पीत करावा. नाडी सतत जलद चालणे, ताप, वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे किंवा पोटरीला सूज, यांपैकी काही दिसल्यास नव्या शहरातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात लगेच जावे. उलट्या थांबत नसतील, तर ‘नवे पाणी बाधले’ म्हणून घरी बसू नये. त्यातून थायामिनची (बी१ जीवनसत्त्वाची) कमतरता होऊन मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

नव्या कार्यालयात वीस मिनिटांत जेवण आटोपण्याची पद्धत असेल, तर वरिष्ठांना एवढेच सांगावे की मला थोडे-थोडे आणि सावकाश खावे लागते. जेवताना पाणी प्यायचे नसते, अर्ध्या तासाने प्यायचे असते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळू लागतात आणि नव्या ठिकाणी त्याने मन खचते. प्रथिने आणि लोह नीट मिळत असेल, तर ते बहुधा पुन्हा येतात. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे प्रमाण या काळात झपाट्याने बदलते, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून नव्या शहरातल्या दुकानातून त्याच गोळ्या आणत राहणे धोक्याचे आहे. दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःहून घेऊ नये, विशेषतः बायपासनंतर, कारण त्याने व्रण होऊ शकतो. स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते. नव्या शहरात संसार थाटण्याच्या बेतात हीही तारीख धरावी.

निघण्यापूर्वी जुन्या रुग्णालयातून फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊन भागत नाही. शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणी, बायपास असल्यास आतड्याच्या जोडणीची लांबी, शेवटचे रक्तअहवाल आणि सध्याच्या औषधांची यादी घ्यावी, आणि त्यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये तसेच घरातल्या एका व्यक्तीकडे ठेवावीत. बायपासनंतर काही वर्षांनीही आतड्याला पीळ पडून तीव्र पोटदुखी होऊ शकते, आणि तेव्हा समोरच्या अनोळखी डॉक्टरांना पोटाची रचना बदललेली आहे हे कळणे अत्यावश्यक असते. तपासण्या साधारणपणे पहिला, तिसरा, सहावा आणि बारावा महिना, व पुढे दरवर्षी, अशा असतात. बी१२, डी जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या आयुष्यभर चालतात. जुन्या शल्यचिकित्सकांवर विश्वास असेल, तर सहाव्या आणि बाराव्या महिन्याची भेट दिवाळीला किंवा मुलांच्या सुट्टीत गावी येण्याशी जोडावी आणि बाकीच्या भेटी नव्या शहरातल्या बेरिआट्रिक (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या) तज्ज्ञांकडे ठेवाव्यात. मात्र त्यांना पहिल्यांदा भेटायचे, ते काही बिघडण्याच्या आधी.