वेगाचा काटा झाकून सर्किट कसं मारायचं

मी विमान उडवायला शिकवते. विद्यार्थ्याचे उड्डाणाचे तीस-चाळीस तास झाले, की एके दिवशी मी त्याच्या वेगाच्या काट्यावर पिवळी चिकट चिठ्ठी लावते. तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हे एकट्याने करायचं नाही. शेजारी प्रशिक्षक हवा, वारा शांत हवा, आणि पहिली खेप जमिनीपासून तीन हजार फूट वर.

चिठ्ठीआधी मापं घ्या. सेस्ना १७२ हे छोटं विमान सरळ उडवताना इंजिन २३०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) ठेवा, नीट ट्रिम करा, म्हणजे हात न लावता नाक जागी राहील, आणि अर्धा मिनिट योक (विमानाचं सुकाणू) सैल सोडा. क्षितिज नाकाच्या किती वर दिसतं? मी हात लांब करून बोटांनी मोजते; मला चार बोटं येतं. तुमची उंची वेगळी, बुडाखालची उशी वेगळी, तेव्हा तुमचं तुम्ही मोजा. चढताना नाक क्षितिजच झाकतं, मग बाजूच्या खिडकीतून पंखाचा कोन बघा. उतरतानाचं माप १५०० आरपीएम आणि फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) लावून. प्रत्येक मापासमोर वेग लिहा.

आता चिठ्ठी. नाक त्याच जागी, इंजिन त्याच आकड्यावर, की वेगही तोच येतो. पण काटा दिसेनासा झाला की हात नकळत योक मागे ओढतो. म्हणून योक दोन बोटांत धरा. मूठ आवळलेली दिसली की मी बोटांवर पेनाने टकटक करते.

१ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ या विमानाच्या वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ अडकला, वेग चुकीचा दिसू लागला, ऑटोपायलट सुटला. एका मिनिटाच्या आत वेग पुन्हा बरोबर दिसू लागला होता, पण तोवर नाक वर ओढलं गेलं होतं. विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली; २२८ जण गेले. नाक आणि थ्रस्ट (इंजिनाचा जोर) होतं तिथेच राहिलं असतं तर विमान उडत राहिलं असतं.

कानही उघडे ठेवा. वेग पडला की वाऱ्याचा आवाज मंदावतो, योक लोण्यात फिरवल्यासारखा लागतो. स्टॉलचा इशारा देणारा हॉर्न वाजलाच, तर आधी नाक खाली, थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणं) नंतर.

वर जमलं की मग सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती चक्कर मारून उतरणं. मी शिकताना उलटी चूक केली होती. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या सरळ टप्प्यात, घाबरून नाक खालीच दाबून धरलं. ‘पासष्ट नॉट,’ मी ठणकावून सांगितलं. सरांनी चिठ्ठी उचलली: ब्याऐंशी.

तीनशे फुटांवर तुम्हीही वेग मोठ्याने सांगा, मग चिठ्ठी काढा. पाच नॉटहून जास्त फरक निघाला, तर गो-अराउंड: न उतरता पुन्हा वर.